हायपोचं गार पाणी

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच कळलं नाही. चौथी झाली आणि पाटी सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते फोटोच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं घालण्यापुरतं. तेव्हा चुका दिसतील त्या पोटात घालाव्या. हे लिहायला डॉक्टरांच्या शांतावहिनींनी सांगितलं. त्यांची बेबी अजून लहान आहे, बाप कसा होता हे तिला पुढे कळावं, म्हणून ज्याला जे आठवतं ते सांगा, असं त्या भेटायला आलेल्या बायकांना म्हणाल्या. बाकीच्या तिथेच बोलल्या. मला चारचौघींत बोलता येत नाही. म्हणून घरी येऊन लिहिते आहे.

इंगळे डॉक्टर गेले ही बातमी बुलढाण्याहून येणाऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं आणली. धाडच्या स्टँडवर त्यानं सांगितलं, आणि आमच्या ह्यांनी घरी येऊन अंधारखोलीच्या दारावर थाप मारली. मी आत होते. लाल काचेचा कंदील लावलेला, ताटलीत एका लग्नाचे फोटो. दार उघडलं असतं तर सगळे कागद काळे झाले असते. हे बाहेरूनच म्हणाले, "ऐकलं का… डॉक्टर गेले आपले." मी आतून "हो" म्हणाले. मग कागद एकेक करून हायपोच्या पाण्यात सोडले. नवरा-नवरीचे चेहरे त्या पाण्यात पक्के होत होते आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. डॉक्टरांशी माझं पहिलं बोलणंही असंच बंद दाराआडून सुरू झालं होतं, ते तेव्हा आठवलं.

डॉक्टर म्हणजे गुरांच्या दवाखान्याचे. मूळ वडनेर भोलजीचे. महाराष्ट्र राज्य नवीन झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची बदली धाडला झाली. उंच, सावळे, सायकलला मागे कातडी पेटी बांधलेली. शिकलेले असून आपल्या गावचीच बोली बोलायचे, त्यामुळे पहिले काही दिवस लोकांना ते डॉक्टरच वाटेनात. लग्नानंतर शांतावहिनींना घेऊन फोटो काढायला आमच्या दुकानात आले. फोटो राहिला बाजूला, त्यांची नजर गेली फळीवरच्या हायपोच्या डब्यावर. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं औषध. दिसायला खडीसाखरेसारखं. डॉक्टर म्हणाले, "फोटोवाले, हा डबा आमच्याबी कामाचा हाय." हे हसले. "काऊन साहेब, ढोरायचे फोटो काढता काय?" डॉक्टर म्हणाले, "किराळ लागली न, की ढोराले याच्यासारखं दुसरं औषध नाही." मग त्यांनी चिमूटभर हायपो कपात टाकला, वर पाणी घातलं, कप हलवला आणि गालाला लावला. हायपो विरघळला की पाणी थंडगार पडतं. रोज हात घालून मला ते माहीत होतं, पण कुणी गालाला लावून पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "गार पडला," ते शांतावहिनींना म्हणाले. "खरा हाय." आणि तो कप नव्या नवरीच्याही गालाला लावला. त्या लाजून अर्ध्या झाल्या. मी पडद्याआड होते, मला हसू आवरेना. पुढे जेव्हा जेव्हा ते हायपो घ्यायला आले, तेव्हा आधी हा कप ठरलेला. दुकानदार तुरटी मिसळतात, आणि तुरटीनं बैल मरतो, असं म्हणायचे.

किराळ काय ते आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ज्वारी कोवळी असताना पावसानं ओढ दिली की ती विषारी होते. ढोरानं पोटभर खाल्ली, की थोड्याच वेळात ते पाय झाडतं आणि संपतं. पण ती कशानं होते, याचं ज्याचं त्याचं वेगळं. आमच्या बाबांची पिढी म्हणायची, पानांवर डोळ्याला न दिसणारा किडा बसतो, पाऊस पडला की तो धुऊन जातो, मग ज्वारी चारायला हरकत नाही. माझा भाऊ भिकाजी हेच धरून चालला. माझं माहेर धाडच्या शिवारातच. त्या वर्षी ज्वारी दोनदा पेरावी लागली होती आणि पोळा आला तरी ती गुडघ्याच्या वर गेली नव्हती. भावाची हिऱ्या आणि चांद्या ही जोडी आईनं वासरं असल्यापासून वाढवलेली. शेत, भाड्याची गाडी, सगळं त्या जोडीवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांच्या कानात म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." भावानं तसं आवतण दिलं. त्यानंतर पावसाची एक हलकी सर येऊन गेली. सकाळी आंघोळीला नेण्याआधी त्याला वाटलं, वर्षाचा सण आहे, वैरण तरी कुठे धड मिळाली ह्यांना, आता किडाही धुऊन गेला असेल… आणि त्यानं दोघांना आपल्याच ज्वारीत सोडलं. मायेनं सोडलं.

आमचे हे दुकानाचा माल आणायला जालन्याला गेले होते, संध्याकाळपर्यंत यायचे होते. सासूबाई नदीवर. मी पुरणाची डाळ शिजत घातली होती. दारावर सायकलची घंटा वाजली आणि डॉक्टरांचा आवाज आला. मी दाराच्या आत, ते बाहेर. परक्या पुरुषाशी मी तोवर बोललेच नव्हते.

"ताई, फोटोवाले नाहीत काय? हायपो पाहिजे होता. सगळा पाहिजे. कालच्या सरीनं लोक फसले, दोन गावची ढोरं किराळीत सापडली, माह्या पेटीतलं सरकारी औषध संपलं."

मी कडीवर हात ठेवला, पण ती काढवेना. त्यांना वाटलं असेल, बाई घाबरली. ते जरा थांबून म्हणाले, "भिकाजीभाऊच्या वावरातून निरोप हाय. एक बैल पडला. दुसरा डुलून राह्यला."

मी दार उघडलं. डोक्यावरचा पदर सरळ करायचंही सुचलं नाही. "तो माहा भाऊ हाय," एवढंच म्हणाले आणि डबा त्यांच्या हातात दिला. घाईतही त्यांनी कप मागितला, चिमूट टाकली, गालाला लावला, मान हलवली. मग म्हणाले, "उकळून थंड केलेलं पाणी लागन, फडक्यातून गाळलेलं. शिरेतून द्याचं हाय." असं पाणी फोटोच्या कामाला आमच्या घरी कायम भरलेलं असतं. मी कळशी उचलली. ताटल्यांमध्ये कालचं हायपोचं पाणीही होतं, तेही आणू का, मी विचारलं. "नको ताई, त्याच्यात चांदी उतरली असते. कोरंच पाहिजे." ते सायकलवर पुढे गेले. मी कळशी कमरेवर घेऊन भर बाजारपेठेतून धावत निघाले. पोळ्याचा दिवस, पारावर माणसं बसलेली, बैलांच्या झुली वाळत घातलेल्या. सगळे पाहत होते. मला आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

मी पोचले तेव्हा हिऱ्या बांधावर आडवा होता. गेलेला. त्याच्या एका शिंगाला रंग लावून झाला होता, दुसरं तसंच होतं. चांद्या मान लांब करून श्वास ओढत होता, पाय थरथरत होते, तोंडाला फेस. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. कुंकवासारख्या लाल होत्या. गोठ्यापाशी आमचे चुलते विळा तापवत बसलेले, डागायला. भाऊ चांद्याच्या गळ्यात हात टाकून उभा. आई हिऱ्याच्या अंगावरच्या माशा वारत बसलेली.

मी बादलीत पाणी ओतलं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढा हायपो त्यात हलवला. बादली बाहेरून घामेजली, बोटं बधिर झाली. ते पुन्हा गाळून त्यांनी बाटलीत भरलं, बाटली भावाला उंच धरायला लावली आणि चांद्याच्या मानेच्या शिरेत सुई घातली. उरलेलं बांबूच्या नळीनं घशात. मला एकदा हळूच म्हणाले, "सरकारी बाटली असती तं हा धोका मी घेतला नसता ताई. पण दुसरा रस्ता नाही."

चुलत्यांना हे पाहवेना. "काहो डॉक्टर, ढोराले फोटोचं औषध? आता काय पोटातून बैलाचा फोटो निघन काय?"

"निघाला तं तुमालेच देतो, काका. फ्रेम करून लावा."

"चेष्टा नका करू. डाग द्या मी म्हनतो. आमच्या बापानं डागूनच वाचवले ढोरं."

"डागाचा चटका बैलाले लागते, विषाले नाही लागत. मले थोडा येळ द्या. पुरण शिजाले लागते न, तेवढा द्या. मंग तुमचा विळा अन् तुम्ही."

भाऊ एकदम ओरडला, "मरते का राह्यते तेवढं सांगा न! हा गेला तं मी कशाले जुपू? स्वतःले?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. बाटली अर्धी झाली होती. मला वाटलं आता रागावतील. पण ते म्हणाले, "भिकाजीभाऊ, तुम्ही बिडी ओढता न?"

"ओढतो. मंग?"

"तिच्या धुरात हेच विष असते, चिमटीएवढं. वहिनीच्या जवसाच्या चटणीतबी असते. काऊन मरत नाही तुम्ही?"

"मले काय माहीत. देवाची कृपा."

"कृपाच म्हना. आपल्या काळजात… हे मटणात खाता ते काळीज… त्याच्यात एक कामकरी बसला हाय. तुमच्या, माह्या, चांद्याच्याबी. त्याचं काम एकच. ह्या विषाचा कण आला, की त्याच्यावर गंधकाचा कण चढवाचा. गंधक चढला की विषाचा दात पडला. मंग ते लघवीसंग निघून जाते. कामकरी खर्च होत नाही, हात झटकून दुसऱ्या कणाकडं वळते. बिडीएवढं, चटणीएवढं तो बसल्या जागी निपटते. पण ह्यानं एका दमात भारा खाल्ला. कामकरी तयार हाय, पण अंगातला गंधक सरला. तो रिकाम्या हातानं उभा हाय अन् विष दारात. हायपोत गंधक हाय, भाऊ. मी बैल नाही बरा करून राह्यलो. मी फक्त माल पोचवून राह्यलो. बरा तोच करीन."

"अन् ह्या हिरड्या काऊन अशा लाल?" आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"माय, रक्तात हवा भरपूर हाय, पण अंगाले ती घेता येत नाही. ताट वाढलं हाय अन् हात बांधले हायेत. विष हेच करते, हात बांधते."

चुलत्यांचा विळा तापून लाल झाला आणि पाहता पाहता काळा पडला. कुणी त्याच्याकडे गेलं नाही. चांद्याचा श्वास आधी मोकळा झाला. मग पायांची थरथर थांबली. मग त्यानं एक कान हलवला, माशी उडवल्यासारखा. भाऊ म्हणाला, "हालवला. कान हालवला त्यानं." डॉक्टर मागे वाकून काहीतरी पाहत होते, तेवढ्यात चांद्यानं त्यांच्या पँटीवरच धार सोडली. ते बाजूला झाले नाहीत. तसेच ओले उभे राहून म्हणाले, "काका, घ्या, निघाला फोटो." आणि आमचे चुलते, ज्यांना हसताना मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं, ते धोतराच्या सोग्यात तोंड घालून हसले. हसता हसता रडले, हिऱ्या शेजारीच पडलेला होता.

एक गोष्ट लिहू की नको, कळत नाही. पण बेबीनं ती वाचावी. आमच्या माहेरी डॉक्टरांसाठी एक वेगळा कप असे, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला. का, ते तिला मोठेपणी कळेलच. त्यांना ते ठाऊक होतं, तरी येत, त्या कपातून चहा घेत, आणि ढोरांना हात लावताना त्यांच्या हातात कधी अढी दिसली नाही. त्या दिवशी आईनं आपला पितळी तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. ते पाणी प्याले. तो कप मला पुन्हा दिसला नाही.

संध्याकाळी तोरणाखाली सगळ्या गावच्या जोड्या उभ्या राहिल्या. भावानं चांद्याला एकट्याला नेलं आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला, उजवीकडे हिऱ्याएवढी जागा सोडून. डॉक्टर, कपडे बदलून आलेले, त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. मुद्दाम की सहज, कोण जाणे. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, झूल आणू काय?" ते म्हणाले, "आणा, पण पुरणपोळी पहिले."

जालन्याहून परत आल्यावर हे माझ्यावर थोडे तापले. त्या दिवसांत माल मिळणं अवघड होतं, जालन्यालाही हायपो मिळाला नव्हता, आणि लग्नाचे फोटो अडकले. डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं, "डबा माह्याकडं उसना." सरकारी माल आला तेव्हा त्यांनी अर्धा डबा भरून दिला. उरलेला अर्धा राहून गेला, दवाखान्यात औषधाची कायम ओढाताण. दर भेटीत म्हणायचे, "ताई, अर्धा डबा देणं हाय." मी दाराआडून म्हणायची, "राहू द्या." पुढे पुढे दाराआडून नाही, दारात उभी राहून म्हणू लागले. त्यांच्यामुळेच ते जमलं. ते असं बोलत की समोरच्या माणसाला आपण अडाणी आहोत हे आठवतच नसे. एकदा मी विचारलं, काळजातल्या त्या कामकऱ्याला नाव काय? म्हणाले, एन्झाइम. आणि तो एकटा नाही, अशी पुष्कळ असतात, दारूचं वेगळं, औषधाचं वेगळं, पण गाव एकच, काळीज. "चुकतात काय ते कधी?" मी विचारलं. त्यांना फार आनंद झाला. "चुकतात न ताई! खोट्या दारूत एक जिनस असते, त्याले निपटाले जातात अन् आणखी जहर करून ठेवतात. कामकरीच ते, त्याहिले काय माहीत कोणाच्या घरात माल चालला." हे दुकानातून पाहत होते. नंतर म्हणाले, "तू इतकं बोलतेस होय?"

यंदा उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली. आधी साधी वाटली, मग हटेना. आम्ही बुलढाण्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, हात काड्या झालेले. भाऊही आला होता. त्यानं कुठून तरी काविळीची मुळ्यांची माळ आणली होती. मला लाज वाटली, ज्या माणसानं ह्याला मंत्र-डागापासून दूर नेलं, त्याच्याच गळ्यात हा माळ घालतो आहे. पण डॉक्टरांनी मान पुढे केली. भावानं माळ घातली. डॉक्टर म्हणाले, "भिकाजीभाऊ, माल भरपूर येऊन राह्यला हो. पण कामकरीच थकले आता. कारखानाच बसला." भाऊ म्हणाला, "उठन. पाह्यजा तुम्ही, उठन." ते हसले. मी निघाले तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई… तुमचा अर्धा डबा राह्यला."

ती शेवटची भेट. त्यानंतर एसटीच्या कंडक्टरनं बातमी आणली, ती मी वर लिहिली.

पोळा त्यांच्यामागे काही आठवड्यांनी आला. चांद्या आता म्हातारा झाला आहे, कामाला लागत नाही. भावाकडे नवी जोडी आहे, पण तोरणाखाली चांद्या पुढे. यंदाही पावसानं ओढ दिली आणि भावानं आपल्या ज्वारीच्या बांधावर काट्याचं कुंपण घातलं आहे. पाऊस पडून गेला तरी काढलेलं नाही. पोळा फुटला, जोड्या घरोघर गेल्या, आणि भाऊ आमच्या दारात आला. काखेत कागदात बांधलेलं काहीतरी. म्हणाला, "अक्का, डॉक्टरांचा डबा कुठं हाय?"

मी फळीवरून काढून दिला. त्यानं कागद सोडला. हायपो होता, जालन्याहून आणलेला. त्यानं तो डब्यात ओतला, हातानं दाबून दाबून काठोकाठ भरला, वर थोडा ढीग झाला. म्हणाला, "बैल माहा होता. देणं माहं होतं. ते उगाच आपल्या डोक्शावर घेऊन फिरले इतकी वर्षं… फिटलं आता. पुरं फिटलं."

मी कपात चिमूट टाकली, पाणी घातलं, हलवलं आणि कप गालाला लावला. मग त्याच्या गालाला लावला. त्यानं डोळे मिटले.

"गार हाय," तो म्हणाला. "खरा हाय."